क्रेटमधली कुईकुई: साताऱ्यात जून ते दिवाळी

ज्यांचा कुत्रा क्रेटमध्ये, म्हणजे त्याच्या झोपायच्या तारेच्या पिंजऱ्यात, आपणहून जातो, आत पाय पसरून झोपतो पण, आणि तरी रात्री-अपरात्री कुईकुई सुरू करतो, त्यांच्यासाठी हे लिहितेय. पिल्लाला क्रेटची सवय कशी लावायची याची माहिती बरीच मिळते, मराठीत व्हिडिओ पण आहेत आता. पण आधीच सवय झालेला कुत्रा अचानक रडायला लागला तर काय करायचं हे शोधायला गेलं की जिथेतिथे एकच वाक्य सापडतं, दुर्लक्ष करा, आपोआप थांबेल. आमच्याकडे एकाच कुत्र्याची कुईकुई चार-पाच वेगवेगळ्या कारणांची निघाली आणि त्यातली फक्त एक दुर्लक्ष करून थांबली. बाकीच्यांना वेगळी वेगळी उत्तरं होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ब्रूनो माझ्या धाकट्या भावाचा. लॅब्राडोर, नर, तेव्हा अडीच वर्षांचा, वजन ३० किलोच्या थोडं वर. भाऊ पुण्यात राहायचा, त्याला नोकरीनिमित्त जर्मनीला जायचं ठरलं आणि निदान पहिली दोन वर्षं तरी ब्रूनो आमच्याकडे ठेवायचं असं घरात सगळ्यांच्या संमतीने झालं. ९ जून २०२४, रविवार, त्या दिवशी भाऊ त्याला घेऊन साताऱ्याला आला. सोबत ४२ इंची घडीचा तारेचा क्रेट, त्याची गादी, लसीकरणाचं कार्ड, खाण्याची बॅग. तिसऱ्या महिन्यापासून क्रेटमध्ये झोपणारा कुत्रा, पुण्यात कधी आवाज नाही काढला, असं भावाने सांगितलं आणि ते खरंच होतं.

आम्ही सदर बझारला अपार्टमेंटमध्ये राहतो, दुसऱ्या मजल्यावर. मी, नवरा, सासूबाई आणि सातवीतली लेक. क्रेट हॉलमध्ये बाल्कनीच्या दाराजवळ लावला, तेवढी मोठी मोकळी जागा तिथेच होती. दहाला ब्रूनो स्वतःच आत गेला, गोल फिरून बसला, आम्ही दार लावलं, दिवे घालवले. साडेअकराच्या सुमाराला सुरू झालं. आधी बारीक, मग थांबून ऐकायचा, परत जरा मोठ्याने. बाहेर पाऊस, घरात हे. सासूबाई उठून आल्या, म्हणाल्या, "अगं सोड त्याला, लेकरागत रडतंय." नवरा म्हणाला, "आई, आज सोडलं तर रोजच सोडावं लागंल." आणि मी मध्ये उभी, कारण मला दोघांचंही पटत होतं. पुढच्या काही रात्री अशाच गेल्या. सकाळी मला बँकेत पोचायचं असायचं, डोळे चुरचुरायचे, आणि तो बिचारा अर्धं जेवण वाटीत तसंच सोडायचा. ज्यांचं आत्ता हे चालू असेल त्यांना एवढंच सांगते, त्या रात्री फार वाईट असतात, तुम्हाला जे वाटतंय ते सगळ्यांनाच वाटतं.

भावाला फोन केला तेव्हा दोन गोष्टी कळल्या. एक, पुण्यात क्रेट त्याच्या पलंगाला अगदी चिकटून असायचा, हात खाली सोडला तर तारेला लागेल एवढा. दुसरी, तो सकाळी सहाच्या ठोक्याला त्याला बाहेर न्यायचा, रोज, सुट्टीलाही. म्हणजे ब्रूनोला क्रेटची सवय होती ती माणसाच्या श्वासाच्या आवाजाशेजारच्या क्रेटची. जागा बदलली, माणूस बदलला, वास बदलला, क्रेट तेवढा तोच राहिला.

मग लेकीची जुनी अर्धी कोरी वही घेतली आणि लिहायला सुरुवात केली. किती वाजता सुरू झालं, किती वेळ चाललं, त्याआधी काय झालं होतं, आवाज कसा होता, कशाने थांबलं. बस एवढंच. झोपेत लिहिलेल्या ओळी सकाळी वाचता यायच्या नाहीत म्हणून नंतर मोबाइलवर बोलून ठेवायला लागले आणि सकाळी वहीत उतरवायचे. आठवड्याभरातच दिसायला लागलं की हे सगळं एक नाहीये. दिवे घालवल्यावरचा आवाज वेगळा, पहाटे तीनच्या आसपासचा वेगळा, आणि मी सकाळी चपला घालताना येतो तो आणखी वेगळा. माझ्या मते कुठल्याही ट्रेनरला पैसे द्यायच्या आधी ही वही करा, ट्रेनर किंवा डॉक्टर दोघंही पहिले हेच प्रश्न विचारतात.

पहिला प्रकार सोपा होता, एकटेपणाचा. दिवे गेल्यावर हळू आवाज, मध्ये मध्ये थांबणं, कुणाच्या पावलाचा आवाज आला की गप्प. यावर आम्ही क्रेट आमच्या बेडरूममध्ये आणला. कपाटाशेजारचं टेबल हॉलमध्ये गेलं, दार पूर्ण उघडत नव्हतं, चालवून घेतलं. बरेच जण म्हणाले की बेडरूममध्ये घेतलंत म्हणजे लाड झाले, आता कायम तिथेच. तसं होत नाही. नवीन घरात आलेल्या जनावराला आधी सुरक्षित वाटलं पाहिजे, नंतर अंतर वाढवता येतं. पलंगाशेजारी आल्यावर तो आवाज जवळजवळ बंदच झाला. मग काही रात्रींनी क्रेट वीतभर दाराकडे सरकवायचा, तिथे शांत झोपला की आणखी वीतभर, आणि नवीन जागी कुईकुई झाली तर गुपचूप आधीच्या जागी परत. घाई नाही. दारात, मग पॅसेजमध्ये, असं करत गणपतीच्या सुमाराला तो हॉलमध्ये पोचला होता. आत माझा दिवसभर घातलेला न धुतलेला टी-शर्ट ठेवायचो, भावाने पण त्याचा एक ठेवून दिला होता, त्याचा उपयोग झाला.

या मधल्या काळातच, जून संपता संपता, सोसायटीचं पत्र आलं. सेक्रेटरींच्या सहीचं, दोन मुद्दे: रात्री कुत्र्याच्या आवाजाचा त्रास होतो, आणि कुत्र्याला पिंजऱ्यात कोंडून ठेवलं जातं ही क्रूरता आहे. आठ दिवसांत लेखी खुलासा. मला रडूच आलं वाचून, कारण आम्ही त्याच्यासाठी जागरणं करत होतो आणि लोकांना वाटत होतं आम्ही छळतोय. पण दोन दिवस जाऊ दिले आणि मग नीट बसून उत्तर लिहिलं. ज्यांना असं पत्र येईल त्यांच्यासाठी: भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २६ फेब्रुवारी २०१५ चं एक परिपत्रक आहे, त्यात सोसायटीला पाळीव प्राणी ठेवायला बंदी करता येत नाही असं सांगितलंय, बहुमताने ठराव करून पण नाही. त्याच परिपत्रकात मालकांनीही शेजाऱ्यांना उपद्रव होणार नाही याची काळजी घ्यावी असं आहे, विशेषतः रात्री. दुसरा, १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा. त्याच्या ११ व्या कलमात प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही एवढ्या लहान पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. म्हणजे मुद्दा मापाचा आणि वेळेचा आहे. कुत्र्याला आत ताठ उभं राहता आलं पाहिजे, पूर्ण वळता आलं पाहिजे, पाय लांब करून आडवं होता आलं पाहिजे. आम्ही क्रेटमध्ये झोपलेल्या ब्रूनोचा फोटो आणि मापं जोडली, रेबीजच्या लसीच्या नोंदीची झेरॉक्स जोडली, रात्री किती ते किती तो आत असतो ते लिहिलं, आवाज कमी करायला काय काय करतोय ते लिहिलं, आणि परिपत्रकाचा उल्लेख फक्त एका ओळीत केला. कायदा तोंडावर फेकून शेजार टिकत नाही. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका, तारखेसकट.

आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे प्रत्यक्ष गेले. त्यांचा मुलगा एमआयडीसीत शिफ्टला जातो, त्याची झोप मोडत होती, रास्तच तक्रार होती. बोलताना कळलं की त्यांना कुईकुईपेक्षा खडखड जास्त ऐकू येत होती, क्रेटचा खालचा ट्रे फरशीवर वाजायचा. आमच्या घरी सासूबाईंच्या माहेरची, माणकडची जुनी घोंगडी होती, ती चौघडी करून क्रेटखाली घातली आणि वर रबरी मॅट. खडखड संपली. काकूंना माझा नंबर दिला, रात्री आवाज आला तर मेसेज करा म्हटलं, त्यांचे मेसेज पण मी वहीत चढवायचे.

आता पहाटे तीनचं. हा आवाज तीक्ष्ण होता, मध्येच कण्हल्यासारखा, आणि त्याच्या आधी नेहमी कान फडफडवण्याचा आवाज यायचा. दिवा लावून बघितलं तर मान एका बाजूला झुकवून मागच्या पायाने कान खाजवतोय. कानाजवळ नाक नेलं तर आंबूस वास. जवळच्या डॉक्टरांकडे नेलं, कानाला संसर्ग आहे म्हणाले, साफ करून ड्रॉप दिले, फरक पडला, पण ड्रॉप संपल्यावर परत तेच. मग त्यांनीच सांगितलं की आतला नमुना तपासून घेऊ, शिरवळला दाखवा.

शिरवळचं म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय. १९८८ साली सुरू झालेलं, नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीतलं. आपल्याच जिल्ह्यात आहे, पण साताऱ्यातल्या अनेक कुत्रेवाल्यांना ते फक्त गाई-म्हशींचं वाटतं. जुलैत एका कामाच्या दिवशी मी रजा टाकली, सकाळी सातला निघालो. आनेवाडीचा टोल, भुईंज, सुरूर, खंबाटकीचा बोगदा, आणि वाटेत सगळीकडे धो धो पाऊस. तिथे गेल्यावर केसपेपर काढायचा, मग नंबर येईपर्यंत थांबायचं. रांगेत वासरू होतं, शेळ्या होत्या, त्यामुळे पट्टा आखूड धरा आणि तोंडाला बांधायची जाळी जवळ असू द्या. कुत्रा कितीही गरीब असला तरी अनोळखी जागी, कान दुखत असताना त्याचं काही सांगता येत नाही. पाणी आणि एक जुना टॉवेल पण न्या. वाट बरीच बघावी लागली, पण नंबर आल्यावर डॉक्टरांनी घाई केली नाही. शिकणारी मुलं सोबत होती, त्यांना समजावत समजावत तपासलं त्यामुळे आम्हालाही समजलं. आधी यंत्राने कानात आत पाहून पडदा शाबूत आहे ना ते बघितलं, मग कापसाच्या काडीने मळ घेऊन काचपट्टीवर लावला, रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. मलासेझिया नावाचं यीस्ट निघालं. हे कुत्र्याच्या अंगावर थोडंफार असतंच, पण लॅबसारखे लोंबते कान, त्यात पावसाची ओल, आत हवा नाही, मग ते वाढतं. पुण्यातल्या फ्लॅटमधून साताऱ्याच्या जुलैत आलेला कुत्रा, रोज भिजत फिरणारा. कारण समोर दिसलं.

डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती सगळ्यांनी लक्षात ठेवा: कुत्र्याच्या कानाची नळी सरळ नसते, आधी खाली जाते आणि मग आत वळते. त्यामुळे नुसते थेंब टाकून उपयोग नाही, टाकल्यावर कानाच्या बुडाशी बोटांनी चोळायचं, आत पचपच आवाज आला पाहिजे, मगच औषध पोचतं. आधी धुवायचं द्रावण, वाळू द्यायचं, मग औषध. खाज थांबली तरी मध्येच सोडायचं नाही, फेरतपासणीत डॉक्टर बास म्हणेपर्यंत चालू. बाहेरून आल्यावर कान आतून कोरडे करायचे. सरकारी संस्थेतला खर्च खाजगीच्या मानाने खूपच कमी झाला, औषधं बाहेरून घेतली ती हजारच्या आत बसली, बाकी पेट्रोल आणि टोल.

त्या दिवसांत पहाटे तीनला तो रडला की आम्ही प्रत्येक वेळी उठायचो. उठायलाच पाहिजे. दुखणाऱ्या जनावराकडे दुर्लक्ष करून ते गप्प झालं तरी दुखणं तसंच राहतं. कान, दात, सांधे, पोट, गोचिडताप, लघवीचा संसर्ग, काहीही असू शकतं, म्हणून मोठा कुत्रा अचानक रडायला लागला तर आधी डॉक्टर, ट्रेनिंग नंतर. आणि घरातल्या माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका, इबुप्रोफेनसारख्या गोळ्या कुत्र्याला विषारी असतात. पोट बिघडलं असेल आणि बाहेर जायचं असेल तर न्या, पण पट्टा लावून, न बोलता, न खेळता, काम झालं की सरळ आत. छोट्या पिल्लाला तर रात्रीतून न्यावंच लागतं, वय जेवढे महिने त्यात एक मिळवा, साधारण तेवढेच तास ते धरून ठेवू शकतं.

ऑगस्टमध्ये कान बरे झाले आणि एक नवीनच सुरू झालं. पहाटे पाचला कुईकुई. कान साफ, पोट ठीक, मान फडफडवत नाही, शेपटी हलतेय. त्याला कळलं होतं की पहाटे आवाज केला की दिवा लागतो आणि माणूस येतो. ही मागणी होती, आणि दुर्लक्षाचा उपाय इथला.

पण नुसतं दुर्लक्ष पण नाही. दोन गोष्टी सोबत केल्या. एक, तो पाचला सुरू करतो ना, तर मी पावणेपाचचा गजर लावला आणि तो गप्प असतानाच उठून दार उघडायला लागले. म्हणजे दार उघडणं शांततेला जोडलं गेलं. तसं चार-पाच दिवस शांत गेले की गजर दहा मिनिटं पुढे. असं करत सहावर आलो. दुसरी गोष्ट, मध्येच सुरू झालाच तर कुणी बघायचं नाही, बोलायचं नाही, ओरडायचं तर अजिबात नाही, कारण ओरडणं म्हणजे पण लक्ष देणंच. थांबला की मनात तीन अंक मोजायचे आणि मग जायचं. पुढे तीनाचे दहा, दहाचे तीस, नंतर मिनिटभर. आणि हे माहीत असू द्या की दुर्लक्ष सुरू केलं की आधी आवाज वाढतो, कमी होत नाही. आधी जे चालायचं ते आता का चालत नाही म्हणून तो आणखी जोर लावतो. त्या टोकाला जाऊन आपण हरलो आणि दार उघडलं तर तो तेवढा वेळ आणि तेवढ्या जोरात रडायला शिकतो. म्हणून हे सुरू करायच्या आधीच खालच्या काकूंना सांगून आले, की या आठवड्यात सकाळी जरा जास्त आवाज येईल, ठरवून करतोय. त्यांनी शिफ्ट बघून कोणत्या दिवशी सुरू करा ते पण सांगितलं.

घरात सगळ्यांचा नियम एक असला पाहिजे, हे लिहायला सोपं आहे. सासूबाई पहाटे उठतात, देवपूजेआधी चहा, आणि ब्रूनो रडला की त्या जाळीतून भाकरीचा तुकडा द्यायच्या. त्यांना रागावून चालणार नव्हतं, माया होती ती. मी म्हटलं, "आई, भाकरी तुमच्याच हातची द्यायची, फक्त तो गप झाला की द्यायची, कितीही वेळ लागू दे." आणि मग त्यांनी जे केलं ते आमच्यापैकी कुणाला जमलं नसतं. स्टूल घेऊन, त्याच्याकडे पाठ करून, हरिपाठ म्हणत बसायच्या. तो थांबला की शांतपणे तुकडा. त्यांच्या आवाजात चढ-उतार नाही, घाई नाही. आमच्या घरात पहाटेची कुईकुई थांबवली ती त्यांनी, हे मी मनापासून सांगतेय.

या सगळ्यात लोकांनी सुचवलेले काही उपाय आम्ही केले नाहीत. करंट देणारा पट्टा, क्रेटवर काठी आपटणं, तोंडावर पाण्याचा फवारा. भीतीने गप्प बसलेला कुत्रा शांत झालेला नसतो, आणि क्रेट ही त्याची हक्काची जागा आहे, तिथेच भीती वाटायला लागली तर त्याने जायचं कुठं. क्रेट शिक्षा म्हणून पण कधी वापरला नाही.

मी ऑफिसला निघतानाची कुईकुई अजून बाकी होती. घरी सासूबाई असल्यामुळे दिवसा क्रेट बंद करायची वेळच यायची नाही. दिवसा मोठ्या कुत्र्यालाही सलग चार-पाच तासांपेक्षा जास्त कोंडू नये. पण ऑगस्टच्या शेवटी त्या कराडला नणंदेकडे गेल्या आणि तो दुपारपर्यंत एकटा राहणार होता. जुना मोबाइल कपाटावर टेकवून रेकॉर्डिंग लावलं. संध्याकाळी बघताना छातीत धडधडत होतं. मी दार ओढल्यावर काही मिनिटं रडला, दाराकडे बघत उभा राहिला, मग चाटायचं खेळणं सापडलं, ते संपवलं आणि घोरत पडला. हे चालतं. याउलट लाळेने गादी भिजलीय, तारा चावून हिरड्यांतून रक्त येतंय, नखं तुटेपर्यंत खरवडतोय, तासभर थांबतच नाही, असं दिसलं तर ती एकटेपणाची खरी धास्ती आहे. अशा कुत्र्याला क्रेटमध्ये बंद करून जाऊ नका, तो जखमी होईल, त्याला डॉक्टरांची मदत लागते, कधी औषधं पण लागतात. निघताना मोठा निरोप घ्यायचा नाही हेही शिकलो. किल्ली उचलायची, चपला घालायच्या आणि परत सोफ्यावर बसायचं, असं सुट्टीच्या दिवशी करत राहिलो, म्हणजे किल्लीचा आवाज झाला की माणूस जातंच असं नाही हे त्याला कळलं. खेळण्यात साधं बिनसाखरेचं दही आणि बाजरीच्या भाकरीचा चुरा भरून रात्रभर फ्रीजरला ठेवते. बिनमिठाचं शेंगदाण्याचं कूट पण चालतं. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा अजिबात नाही, आणि कंदी पेढ्याचा आग्रह करणाऱ्या पाहुण्यांनाही नाही म्हणायचं.

७ सप्टेंबरला गणपती बसले. ढोल-ताशांची मला जास्त धास्ती होती, पण तो त्यातून बऱ्यापैकी निभावला. त्रास झाला तो भाद्रपदाचा. आमच्या गल्लीत रात्री कुत्र्यांची टोळी जमायला लागली, एक मादी माजावर होती, आणि ब्रूनोचं ऑपरेशन झालेलं नव्हतं. जेवण बंद, रात्रभर एकसुरी बारीक आवाज, खिडकीकडे तोंड. सासूबाई म्हणाल्या, "भादवा लागलाय त्याला, आता कुणाचं ऐकतंय ते." आणि खरंच, इथे ना दुर्लक्ष चाललं ना भाकरी. क्रेट बाल्कनीपासून काढून परत आतल्या पॅसेजमध्ये नेला, खिडकी बंद, पंखा मोठा, फिरायच्या वेळा बदलल्या, सकाळी गल्लीतून न जाता गाडीत घालून माहुलीच्या बाजूला न्यायचो आणि दमवून आणायचो. त्याने निम्मं कमी झालं, पूर्ण नाही.

नसबंदीचं भावाशी बोलून ठरवलं. डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायला सांगितलं, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन झालं आणि संध्याकाळी घरी आला. तपासण्या, ऑपरेशन, औषधं मिळून आठ हजारांच्या आसपास. एक अडचण कुणी सांगितली नव्हती: गळ्यात तो मोठा प्लास्टिकचा कोन घातला की ४२ इंची क्रेटमध्ये वळता येत नाही, तो अडकून रडायचा. टाके निघेपर्यंत, म्हणजे दहा-बारा दिवस, त्याला माझ्या पलंगाशेजारी गादीवर पट्टा बांधून झोपवलं. तुम्ही करणार असाल तर मऊ कापडी कोन मिळतो का ते आधीच विचारून ठेवा. ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी फरक पडतो असं नाही, हार्मोन उतरायला काही आठवडे जातात. आणि मोठ्या जातीच्या पिल्लांचं वाढ पूर्ण व्हायच्या आत करू नये असं डॉक्टर सांगतात, सगळ्यांना एकच वय लागू नाही.

मग दिवाळी. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं. फटाके रात्री ८ ते १० मध्येच वाजवायचे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलंय, प्रत्यक्षात आमच्याकडे मध्यरात्रीपर्यंत चालू असतात. ऑक्टोबरभर रोज मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी हळू लावायचो आणि त्याच वेळी त्याला जेवण द्यायचो, आवाज दर काही दिवसांनी एक टप्पा वर. त्या दिवशी सहाच्या आत फिरवून आणलं, पोटभर जेवण, क्रेटवर तिन्ही बाजूंनी जाड गोधडी, समोरची बाजू मोकळी, शेजारी टेबलफॅन. आणि दार उघडं. घाबरलेल्या कुत्र्याला आत बंद करायचं नाही, तो बाहेर पडायच्या धडपडीत स्वतःला इजा करून घेतो. पहिला सुतळी बॉम्ब वाजला तेव्हा तो थरथरला, रडला, आणि मी लगेच जाऊन शेजारी बसले. पाचच्या कुईकुईला मी पाठ फिरवत होते आणि इथे जवळ घेत होते, लेकीने विचारलं पण, आता का चालतं म्हणून. मागणी आणि भीती यात हाच फरक आहे. मागणीला उत्तर दिलं की मागणी वाढते, भीतीत धीर दिला म्हणून भीती वाढत नाही. लेक पण येऊन बसली, आम्ही दोघी तिथेच जेवलो.

हे लिहितेय तेव्हा डिसेंबर २०२४ चालू आहे. क्रेट हॉलमध्ये बाल्कनीजवळच आहे, रात्री दार नुसतं लोटलेलं असतं, कडी लावत नाही. लाइट गेली आणि पंखा बंद पडला की कुईकुई येते, तेव्हा दार उघडून त्याला फरशीवर झोपू देतो, उकडतंय त्याला, त्यात शिकवण्यासारखं काही नाही. कानांची साफसफाई आठवड्यातून एकदा चालू आहे. सोसायटीचं दुसरं पत्र आलेलं नाही. क्रेट भावाने आणला होता म्हणून आमचा खर्च शिरवळ, औषधं, ऑपरेशन, मॅट, खेळणी असा सगळा मिळून बारा-तेरा हजारांत बसला. नवीन ४२ इंची क्रेट घ्यायचा तर सहा ते आठ हजार धरा, आणि ट्रेखाली रबर आहे का ते बघून घ्या. गादीची खोळ एक घेऊ नका, दोन घ्या, कारण पावसाळ्यात साताऱ्यात धुतलेली खोळ तीन दिवस वाळत नाही आणि ओल्या खोळीवर झोपवलं की परत कान सुरू होतात.